बाईंचं 'नाही'

उघडून पाहिल्याशिवाय घड्याळजींचं कशानंच समाधान होत नसे. घड्याळं हा तर धंदाच, पण घरातला मिक्सर, दाराचं कुलूप, सासऱ्यांचं कानात घालायचं यंत्र, काही म्हणता काही त्यांच्या हातून सुटलं नव्हतं. देव तेवढा त्यांनी बायकोवर सोपवला होता. ती चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. देव कसा, कुठे असतो, विचारायचा अवकाश, बाईंचं उत्तर तयार.

मग बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. हात सावरला, वाचा मात्र गेली. उरला एकच शब्द, 'नाही'. चहा हवा का विचारलं की "नाही" म्हणत त्या कप पुढे ओढून घेत.

दुपारी चर्चमध्ये जाऊन बसायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. घड्याळजी दुकानाचं शटर ओढून सोबत जात आणि मागच्या बाकावर पेंगत. एकदा त्यांना राहवेना. ते जवळ जाऊन बसले.

"काय करतेस गं इथे? देवाशी बोलतेस?"

"नाही."

"मग दिसतो का? उजेडासारखा?"

"नाही."

"बापासारखा तरी? तूच शिकवायचीस ना?"

बाई किंचित हसल्या. "नाही."

हिचा विश्वासच उडाला की काय? घड्याळजींनी फादरांना गाठलं.

फादर ऐकताना खुर्चीत पुढे सरकले. "जुने साधू असंच सांगत आले. देवाला प्रकाश म्हणा, बाप म्हणा, तो त्याच्याही पलीकडे. एकेक शब्द खाली ठेवत जायचं आणि शेवटी गप्प राहून नुसतं प्रेम करायचं."

"ते ठीक आहे हो, पण ती चहालाही नाहीच म्हणते."

"मग कुठलं 'नाही' कशाचं, हे मी काय सांगणार?" फादर म्हणाले. "संसार तुम्ही केलाय."

हे घड्याळजींच्या डोक्यात बसलं. घड्याळ कानाशी धरावं तसे ते बायकोचे 'नाही' ऐकू लागले. चहाचं तुटक होतं, औषधाचं वैतागलेलं, लेकीच्या फोनवरचं लाडिक. बाकावरच्या 'नाही'त मात्र नकार नव्हताच. घरात वस्तू शोधणाऱ्याला "तिथे नाही, अजून आत बघ" म्हणावं, तसं ते होतं.

मग ते आतआत शोधू लागले. समुद्र? आई? वारा? असं करता करता एके दुपारी तोंड उघडलं आणि विचारायला काही सुचेना. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला आणि समोर पाहत बसून राहिले. झोप आली नाही याचं त्यांना नवल वाटलं.

पुढे बाईंना थोडे शब्द परत आले: पाणी, चष्मा, लेकीचं लाडाचं नाव. "'देव' असं म्हणून बघ," घड्याळजी एकदा म्हणाले. बाईंनी ओठ हलवले, मग सैल सोडले आणि बाहेर जायला चपला शोधू लागल्या.

लेक सुट्टीला आली तेव्हा तिने विचारलं, "बाबा, तुम्ही कधीपासून इतके धार्मिक झालात?"

"धार्मिक कसला," ते म्हणाले. "मला तर तिथलं दिवसेंदिवस कमीच कळत चाललंय. म्हणून तर जातो."