बाबांच्या कानाचं नवं मशीन

नागपूरच्या विमानतळावर बाबा इतक्या मोठ्यानं "जय भीम, बेटा" म्हणाले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी ओशाळले. बाबांची हयात कारखान्याच्या खडखडाटात गेली आणि त्यात कानही गेले. आमच्या घरात कोणी हळू बोललेलं मला आठवत नाही. निघताना त्यांनी एवढंच बजावलं, "तिथं आवाज दाबून राहू नको वं. माह्या बापाले पाटलाच्या दारावरून चिडीचूप जा लागे. म्हणूनच मी गाव सोडलं."

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये नोकरी लागली तशी लंचमध्ये बाबांना व्हिडिओवर फोन करायची सवयही लागली. इथे चालणाऱ्यांना आणि सायकलींना वेगळा लाल रस्ता असतो, रेडवे. त्यावरून चालत मी फोनवर ओरडायची, "वांगी बाबा, वांगी केली होती!" कुत्री फिरवणाऱ्या म्हाताऱ्या बायका हसून पुढे जायच्या.

मग हवा बदलली. बाहेरच्यांना विरोध म्हणून दिव्यांच्या खांबांवर इंग्लंडचे झेंडे लागले. फुटबॉलच्या वेळी हेच झेंडे बघून मीही टाळ्या वाजवल्या होत्या, आता त्यांच्याखालून जाताना पाय भरभर उचलायला लागले. ऑफिसात वाद चालायचे: बाहेरचे किती आले, त्यांना इंग्रजी यायला हवं की नको, नुसत्या बोलण्याला हेट क्राइम म्हणायचं का. मला कुणी विचारलं की मी तोंडात सँडविच कोंबायची.

एका दुपारी रेडवेच्या बोगद्यात मी बाबांशी बोलत होते. मागून एक सायकलवाला अगदी कानाशी आला. "इंग्रजी बोल, नाहीतर घरी जा," असं त्याच्या भाषेत म्हणाला आणि माझ्या बाहीवर थुंकला. फोनमधून बाबा विचारत होते, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, रेंज गेली."

नवरा म्हणाला, "पोलिसांत कशाला जातेस? सेटलमेंटचा, इथे कायम राहायचा अर्ज टाकलाय. निकाल येईपर्यंत गप्प बस ना." तक्रार केल्यानं व्हिसा जात नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण भीतीपुढे शहाणपण चालत नाही. मी कोट दोनदा धुतला आणि गप्प बसले. आठ वर्षांची आर्या म्हणाली, "आई, स्कूलच्या गेटवर मराठी नको ना बोलू. घरी बोल." तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. तरी तिला कळलं होतं, याचीच मला जास्त भीती वाटली.

तेव्हापासून मी कार पार्कमध्ये गाडीच्या काचा लावून फोन करायला लागले. त्या बंद गाडीतही माझा आवाज वर चढेना. बाबा म्हणायचे, "जोरात बोल." नंतर नंतर तेही म्हणेनासे झाले. नुसती मान हलवायचे आणि भलत्याच ठिकाणी हसायचे.

मग धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, बाबांनी नवं मशीन घेतलं कानाचं. डॉक्टर म्हणाले, कान होते तसेच आहेत. तरी त्यांना पटत नाही. सारखे म्हणून रायले, पोरीचा आवाजच येत नाही आता, आपले कान संपले."

मला रडू आलं. घाबरले होते मी, आणि बहिरे ठरले होते बाबा.

दुसऱ्या दिवशी लंचमध्ये गाडीकडे न जाता रेडवेवर गेले. बोगद्यापाशी पोचले. समोरून एक सायकल येत होती. वळावंसं वाटलं. पण फोन लागला होता आणि पडद्यावर बाबा कानाशी हात नेऊन वाट बघत होते.

"जय भीम, बाबा!"

बोगदा घुमला. सायकल जवळून गेली. त्यावर कोण होतं ते मी बघितलंच नाही.

बाबांचा चेहरा उजळला. "हां, आता ऐकू आलं पाय! मशीन चांगली निघाली वं."

शेजारीपाजारी ते त्या मशीनचं कौतुक सांगत फिरतात. मी त्यांना खरं सांगितलेलं नाही. तो सायकलवाला मला घरी जा म्हणाला होता. घर म्हणजे काय, हे त्याच्यामुळेच मला कळलं: जिथे तोंड उघडण्याआधी मागे बघावं लागत नाही ते. तसं घर मला इथे अजून मिळालेलं नाही. रोज दुपारी बोगद्यापाशी मी आधी मागे वळून बघते आणि मग बाबांना ऐकू जाईल इतक्या जोरात बोलते.