ओदार्काच्या ट्रॅक्टरची तार

"हीटर दे एक," ओदार्का म्हणाली.

"खोलीतला?" दुकानदार एल्विनने विचारलं.

"ट्रॅक्टरचा. इंजिनात बसतो तो."

झेलेना गावात सुट्या भागांचं दुकान एकच. कापणी आटोपली की कॉफीच्या किटलीभोवती बैठक मारणारी मंडळीही तीच ती. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. ओदार्काचा नवरा हारासिम होलोवाटी गेल्या हिवाळ्यात हृदयाच्या झटक्याने आडवा झाला होता, हे पोराटोरांनाही माहीत होतं.

"हारासिम उठला की काय कामाला?" एकाने विचारलं.

"नाही. मीच बसवणार आहे."

मग काय, हशाच पिकला. "जपून बरं का, पिरोही उकडायच्या पातेल्यात बसवशील!" कोपऱ्यातला याकिव म्हणाला.

"तुझ्या बायकोला सांगते, एक तुझ्या बुडाखाली बसव म्हणून," ओदार्का म्हणाली. "कापणी झाल्यापासून खुर्ची सोडली नाहीस मेल्या."

याकिवने कॉफीच्या कपात तोंड घातलं. इंजिनच्या कुशीला पत्र्याचं एक गोल बूच असतं, ते काढून तिथेच हीटर बसवायचा. त्या बुचाचं माप ओदार्काने लोकरीच्या धाग्यावर गाठ मारून आणलं होतं. एल्विनने धागा पट्टीवर ताणला आणि फळीवरून खोकं काढलं. तो हसला नव्हता. "दोन गोष्टी ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "हीटरची तापणारी कांब आत कुठेही लोखंडाला टेकू द्यायची नाही. आणि कूलंट भरल्याशिवाय वीज लावायची नाही. कोरडी कांब बघता बघता जळून जाते."

आता ही बाई या वयात इंजिनाच्या मागे का लागली, ते सांगायला हवं.

हारासिमला हीटरचं भयंकर वावडं. वीज येऊन वर्षं लोटली, गावातल्या प्रत्येक गाडीच्या नाकातून तारेचं शेपूट लोंबायला लागलं, संध्याकाळी जो तो एकमेकांना "तार लावली का?" विचारायला लागला, तरी हा आपला हट्टाला पेटलेला. म्हणे, धडधाकट इंजिनाला कोण भोक पाडतं? रोज पहाटे चुलीतले निखारे भाजायच्या मोठ्या पातेल्यात भरायचे, ते ट्रॅक्टरच्या पोटाखाली सरकवायचे, वरून ताडपत्री टाकायची आणि तेल पातळ होईपर्यंत उकिडवं बसून राहायचं. गेल्या जानेवारीत असंच पातेलं ओढताना तो कोसळला. निखारे बर्फात सांडले आणि हा त्यांच्या शेजारी. डॉक्टरांनी बजावलं, थंड हवेत पाऊल टाकायचं नाही. तेव्हापासून हारासिमने आपली खुर्ची चुलीकडे तोंड करून ठेवली. अंगणाच्या खिडकीकडे त्याची पाठ.

राहिलेला हिवाळा त्याचा धाकटा भाऊ पान्को रोज येऊन गायींना चारा घालून गेला. पान्को वाईट माणूस नव्हे. पण त्याचीही गुरं होती, त्याचीही पाठ होती. यंदा सप्टेंबरातच त्याने हात जोडले. "वहिनी, मला नाही झेपायचं. थंडी पडायच्या आत गायी लिलावाला नेतो. दादा हो म्हणालाय."

दादा हो म्हणाला होता, चुलीकडे बघत. ओदार्काला कुणी विचारलंच नव्हतं. आणि गायी तिच्या होत्या! बापाने लग्नात दिलेल्या एका कालवडीपासून तिने हा कळप उभा केला होता. हिवाळ्यात गवताची घसरगाडी ओढायला ट्रॅक्टर लागतो, आणि ट्रॅक्टर सुरू होत नाही एवढ्यासाठी लाडक्या क्रासूल्या गायीला खाटकाच्या दारात उभी करायची? तिचं डोकंच फिरलं.

"भावजी, असं करू," ती पान्कोला म्हणाली. "उणे चाळीसची पहिली थंडी पडू दे. त्या सकाळी तुम्ही ट्रक घेऊन या. ट्रॅक्टर सुरू झाला नाही तर मी स्वतः गायी ट्रकात चढवीन. झाला, तर पुन्हा या घरात लिलावाचं नाव काढायचं नाही."

"आणि सुरू कोण करणार?"

"तुमची वहिनी."

पान्कोने भावाकडे पाहिलं. हारासिमने चुलीत एक लाकूड सरकवलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "कशाला जिवाचे हाल करून घेतेस? जाऊ देत त्या गायी."

"गायी गेल्या की या घरात एक आजारी माणूस आणि त्याच्याकडे बघत बसणारी दुसरी, एवढंच उरेल," ओदार्का म्हणाली. "मला नाही बसायचं तसं."

हीटर आणल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याचा जुना डगला चढवला, डोक्याला रुमाल आवळला आणि शेडमध्ये गेली. रेडिएटरचं कूलंट, म्हणजे ते न गोठणारं पाणी, बादलीत सोडलं. इंजिनाच्या ब्लॉकचा नळ गंजून घट्ट बसला होता, तो हातोडीने ठोकून ठोकून सैल केला. मग बूच. पंपाच्या आड ते असं दडलेलं की तिथे नीट नजर पोचेना, हातोडी फिरवायला जागा मिळेना. छिन्नी एका कडेवर धरून ठोकायचं, बूच जागच्या जागी आडवं फिरवायचं आणि पकडीने ओढून काढायचं. आत पडलं तर संपलंच. पहिला घाव बोटावर बसला. दुसराही. तिने आपल्या भाषेत ट्रॅक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पुन्हा छिन्नी धरली. शेवटी बूच तिरकं झालं, पकडीत आलं आणि सुटलं. त्याबरोबर उरलेलं गार पाणी थेट तिच्या बाहीत शिरलं.

भोकाची कड तिने पॉलिश कागदाने घासली, रबरी कड्याला ग्रीस लावलं, कांब कुठे टेकत नाही ना ते हाताने हलवून हलवून पाहिलं आणि मधला स्क्रू आवळला. कूलंट भरलं. इंजिन सुरू करून हवा बाहेर काढली. थंडी अजून कोवळी होती, म्हणून ट्रॅक्टर कुरकुरत का होईना चालला. आणि तेव्हाच टप, टप, टप. हीटरच्या खालच्या कडेने गळती लागली.

ती बादलीवर बसली आणि रडली. राग आला होता, दमली होती, आणि घरात बसलेल्या माणसाने एकदासुद्धा येऊन दारात उभं राहून विचारलं नव्हतं. दाराशी यायला तरी डॉक्टरांनी बंदी घातली नव्हती ना? मग तिने नाक पुसलं, सगळं कूलंट पुन्हा बादलीत सोडलं आणि हीटर बाहेर काढला. या वेळी डोळ्यांवर भरवसा न ठेवता कडेवरून बोट फिरवलं. खालच्या बाजूला गंजाचा खवला हाताला लागला. तो घासून घासून काढला तेव्हा कुठे कड आरशासारखी गुळगुळीत झाली. संध्याकाळी बसवलेला हीटर मग एक थेंबही गळला नाही.

नाताळच्या सणाआधीच्या आठवड्यात थंडी पडली. रेडिओने उणे चाळीस सांगितलं आणि पान्को आदल्या संध्याकाळीच ट्रक घेऊन हजर झाला. ओदार्काने त्याला बीटाचं सूप वाढलं, लसणीचं सॉसेज वाढलं. ट्रॅक्टरची बॅटरी काढून चुलीजवळ ठेवली. शेडपासून अंगणातल्या विजेच्या खांबापर्यंत लांबलचक तार ओढून तिने दिवेलागणीलाच हीटर लावला होता.

सकाळी बॅटरी पोटाशी धरून ती शेडमध्ये गेली. हातमोजा काढून तिने इंजिनावर हात ठेवला. इंजिन बर्फ! कांब जळली? बसवताना कुठे चुकलं? ती तार धरून उलटी चालत खांबापर्यंत आली. तारेचं टोक बर्फात पडलं होतं. सॉकेटमध्ये दुसरीच तार होती आणि ती पान्कोच्या ट्रकाच्या नाकात शिरली होती.

"पान्को!" एवढ्या मोठ्याने की गोठ्यातल्या गायींनी माना वर केल्या.

पान्को बुटाच्या नाड्या न बांधताच धावत आला. खांब बघितला, ओदार्काचा चेहरा बघितला, आणि त्याला कळलं. "आईशप्पथ वहिनी, मुद्दाम नाही केलं! रात्री गाडी लावली आणि सवयीने हात खांबाकडे गेला. मला वाटलं शेडमधल्या दिव्याचीच तार आहे."

तो खरं बोलत होता. उणे चाळीसच्या रात्री खांब दिसला की आमच्याकडच्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. तरी ओदार्काने त्याला सोडलं नाही. "तुमची गाडी उबेत झोपली आणि माझं इंजिन मेलं. हा करार नव्हता."

"मग काय करायचं? गायी भुकेल्या आहेत. चढवू या?"

"हात लावाल गायींना!" तिने त्याची तार उपसून काढली आणि आपली लावली. "दुपारपर्यंत थांबायचं. तोवर मी काट्याने चारा टाकते."

आणि टाकला. पापण्यांवर बर्फाचे मणी, श्वास खरखरतोय, आणि बाई काट्यावर काटा गवत टाकतेय. पान्कोने ट्रक सुरू करून तसाच घरघरत ठेवला. तार निघाल्यावर तो बंद करायची त्याची छाती होईना. थोडा वेळ तो आत बसून राहिला. मग मुकाट्याने उतरला, दुसरा काटा उचलला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

दुपारी तिने पुन्हा इंजिनावर हात ठेवला. कोमट! तळहाताला कळेल असं कोमट. तिने बॅटरी जोडली, वर चढली, आणि स्टार्टर दाबताना तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं. इंजिन एकदा कण्हलं. दुसऱ्यांदा जड, खूप जड फिरलं. तिसऱ्यांदा धाड्कन पेटलं, काळा धूर छपराला लागला आणि शेड दणाणून गेली.

"चाललं!" पान्को स्वतःच ओरडला. कुणाच्या बाजूने आहोत हेच तो विसरला.

ओदार्का हसत होती की रडत होती, तिलाही सांगता आलं नसतं. तिने गिअर टाकला, क्लच सोडायला लागली, आणि तेवढ्यात अंगणापलीकडून ठणठणाट ऐकू आला. कुणीतरी खिडकीच्या काचेवर काहीतरी बडवत होतं. तिने मान वळवली.

खिडकीत हारासिम उभा होता. हातात सुपाचा डाव, तोंड लालबुंद, आणि तो काचेआडून जीव खाऊन काहीतरी ओरडत होता. शब्द पोचत नव्हते. पण तो डावाने ट्रॅक्टरच्या नाकाकडे दाखवत होता, पुन्हा पुन्हा.

तार! तार तशीच खांबाला लावलेली होती. आणखी वीतभर पुढे गेली असती तर कांब, स्क्रू, दिवसभराचे घाव, सगळं उपटून निघालं असतं. तिने करकचून ब्रेक दाबला. पान्कोने धावत जाऊन तार सोडवली आणि नीट गुंडाळून खुंटीला टांगली.

त्या दिवशी गवत गायींपर्यंत ट्रॅक्टरने नेलं. गठ्ठ्यांच्या दोऱ्या पान्कोने कापल्या. मग तो रिकामा ट्रक घेऊन घरी गेला. लिलावाचा शब्द त्याने काढला नाही, ना त्या दिवशी, ना नंतर.

ओदार्का घरात आली तेव्हा हारासिम बसला होता. खुर्ची खिडकीकडे वळवलेली होती. सूप जळल्याचा वास येत होता. डाव त्याच्या हातात होता, मग ढवळणार कोण?

"किती वेळ बघत होतास?" तिने विचारलं.

"सकाळपासून," तो म्हणाला. थोडा थांबून म्हणाला, "बूच काढलंस त्या दिवसापासून."

तिने दोन वाट्या काढल्या. जळकं सूप दोघांनी तसंच खाल्लं. अंधार पडायला लागला तसा हारासिम काचेला नाक लावून खांबाकडे पाहायला लागला, आणि शेवटी न राहवून त्याने विचारलं, "काय गं, तार लावलीस का?"