मारुतीच्या गुडघ्याला पाणी

कानात सांगायची गोष्ट मोतीरामभाऊंना कधी सांगू नये. पिठाच्या गिरणीच्या घरघरीत त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे ते कुजबुजले तरी अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. माझं बांगड्यांचं दुकान बरोबर त्यांच्या समोर. कुणाच्या घरी पाहुणे येणार, कुणाच्या गव्हात सोंडे झालेत, हे सगळं मला बसल्या जागी कळायचं. भुवयांवर कायम पीठ, अंगात बंडी आणि तोंडात एकच वाक्य, "ठेवून जा डबा, घरी जाऊन निवांत बसा."

आमची गल्ली गंगेपासून हाकेच्या अंतरावर. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिचा पूर मोजतात दुतोंड्या मारुतीवर. नदीच्या पात्रात उभी असलेली ती मोठी मूर्ती. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं की दुकानातला खालचा माल उचलायचा, कमरेला लागलं की मधला, आणि छातीला लागलं की शटर ओढून वरच्या मजल्यावर जायचं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

मारुती बघून यायचा मान मोतीरामभाऊंचा. पाऊस लागून राहिला आणि धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की ते सायकल काढत. परतताना गल्लीच्या तोंडाशीच ओरडत, "गुडघा!" आणि लगेच आम्ही आपापल्या खालच्या फळ्या मोकळ्या करायला लागायचो. नव्वदच्या दशकात एकदा पाणी चांगलं चढलं होतं. तेव्हा भाऊंनी मोटरचे बोल्ट काढले, साखळीच्या कप्पीनं ती वर तुळईला टांगली, सगळे डबे माळ्यावर चढवले आणि मग वर बसून निवांत चहा प्यायले. तेव्हापासून त्यांचा शब्द म्हणजे गल्लीत काळ्या दगडावरची रेघ.

त्यांचा आणखी एक नियम होता. गिऱ्हाइकाचं दळण आधी, घरचं सगळ्यात शेवटी. घरचा डबा मागच्या कोपऱ्यात पडून असायचा. भागीवहिनी म्हणायच्या, "गिरणीवाल्याची बायको मी, आणि पोळ्यांना पीठ मागते शेजारणीकडं!" भाऊ हसायचे आणि पुन्हा दुसऱ्याचाच डबा ओतायचे.

त्यांचा भाचा ललित विम्याचा एजंट झाला आणि पहिला बकरा म्हणून अर्थातच मामाकडे आला. मी दुकानात बसून सगळं ऐकत होते. ऐकू येऊ नये अशी सोयच नव्हती.

"मामा, आग लागली तर मिळतं, तसं पुराचंही मिळतं. पण पूर धरलाय का ते पॉलिसीत बघून घ्यावं लागतं. आणि पावसाळ्याआधीच घ्यावी लागते. ढग डोक्यावर आल्यावर कोण देणार?"

"माझा विमा मारुतीकडं हाय. त्याला हप्ता नाय लागत, नारळ लागतो."

"मारुती नदीचं पाणी सांगतो. मागच्या नाल्याचं कोण सांगणार? त्याच्यावर स्लॅब पडली, दुकानं झाली. नदी फुगली की नाल्याला जायला वाट नाही. तो उलटा आपल्याकडेच येणार. नुसतं नदीकाठी नसलं म्हणजे धोका नाही, असं नसतं मामा."

"नाला? अरे, त्या नाल्यात बेडूक पण पोहत नाय!"

शेवटी भाऊंनी पॉलिसी घेतली ती पुराच्या भीतीनं नव्हे, बहिणीच्या पोराचं टार्गेट व्हावं म्हणून. गाळा लिहिला, चक्की लिहिली, मोटर लिहिली. मग ललित म्हणाला, "मामा, लोकांचं धान्यही लिहू या. तुमच्या ताब्यात असतं ना?"

झालं. भाऊ एकदम ताठ झाले. "ते माझं हाय का? दुसऱ्याचा दाणा माझ्या नावानं कागदावर चढवायचा? उद्या माझी आई वरून काय म्हणेल?"

"तुमचं म्हणून नाही, तुमच्याकडे सांभाळायला दिलेलं म्हणून. त्यासाठी वेगळा रकाना असतो."

"रकाना नाय नि फिकाना नाय. नाय म्हणजे नाय."

ललितनं कपाळाला हात लावला. मला तेव्हा भाऊंचं कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू!

मग आला दोन हजार आठचा सप्टेंबर. पितृपंधरवडा चालू होता. ज्याच्या त्याच्या घरी तिथी, त्यामुळे गिरणीत डब्यांची रांग दारापर्यंत आलेली. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. भाऊ सायकलवर जाऊन आले आणि ओरडले, "गुडघा!" आम्ही नेहमीच्या चालीनं खालच्या फळ्या उचलायला लागलो. भाऊ कप्पीच्या साखळीला तेल देत होते. घाई कुणालाच नव्हती.

तेवढ्यात भागीवहिनी मागच्या दारातून किंचाळल्या. नाल्याचं झाकण उडालं होतं आणि काळं पाणी मोरीतून, उंबऱ्यावरून, गिरणीत घुसत होतं. तिकडे मारुती अजून छाती काढून उभा, आणि इकडे आमच्या पोटऱ्या बुडालेल्या. पुढे तासाभरात मारुतीही दिसेनासा झाला, पण ते नंतर.

मी धावत समोर गेले. भाऊंच्या एका हातात पाना होता. समोर मोटर आणि बाजूला डब्यांची रांग. दोन्ही वाचवण्याएवढा वेळ नव्हता, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"अहो, मोटर काढा आधी!" वहिनी ओरडल्या. "मोटर गेली तर खायचं काय?"

भाऊंनी पाना फेकून दिला. "मोटर कागदावर हाय! डबे नाय! मीनाताई, धरा!"

आम्ही शिडीला लागलो. वहिनी खाली, मी मधे, भाऊ माळ्यावर. "कुलकर्ण्यांचा! झिपरूचा! वाळूदादाच्या घरचा!" असं नाव घेत घेत ते डबा ओढून घेत होते, जणू डब्यातून माणसंच वर येत होती. मांड्यांपर्यंत पाणी आलं तेव्हा शेवटचा डबा वर गेला. म्हणजे आम्हाला वाटलं शेवटचा. मागच्या कोपऱ्यातला घरचा डबा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे राहिला आणि पाण्यानं तो कधी उलटा केला ते कुणाला कळलंच नाही.

पाणी ओसरल्यावर वहिनींनी झाडू-बादली घेतली, तर ललित आडवा. "मामी, हात लावू नका! आधी फोटो, मग सर्व्हेअर, मग झाडू." चिखलात दोन दिवस नुसतं बसून राहायचं म्हणजे वहिनींना शिक्षाच. सर्व्हेअर आला. तुळईला लटकणारी कप्पी बघून त्यानं विचारलं, "ही असताना मोटर का नाही उचलली?"

"साहेब, दोनच हात होते. लोकांचं दळण उचललं," भाऊ सरळ म्हणाले.

ललितला वाटलं, संपलं, आता दावा गेला. पण पैसे मंजूर झाले. मोटर जुनी म्हणून घसारा कापला, तरी नवी बसण्याइतके हाती आले.

खरी रड निराळीच होती. घरच्या त्या डब्यात नांदगावचा गहू होता, भाऊंच्या आईच्या माहेरच्या शेतातला, खास तिच्या तिथीसाठी राखलेला. नवमी तोंडावर आली आणि घरात मूठभर पीठ नाही. पुरात ज्यांनी डबे उचलले, ते आपल्या आईला उपाशी ठेवणार, याचं मला फार वाईट वाटलं. भाऊंची गिरणी बंद, म्हणून मी आमचं दळण दुसऱ्या गिरणीतून आणलं होतं, त्यातलं वाटीभर घेऊन गेले. बघते तर माझ्या आधीच तिथं बायका उभ्या. प्रत्येकीच्या हातात वाटी, आणि प्रत्येकीचं पीठ माळ्यावरून उतरलेल्या डब्यातल्या धान्याचं, दुसरीकडून दळून आणलेलं.

भागीवहिनी गोंधळल्या. "मीनाताई, श्राद्धाला परक्याच्या घरचं चालतं का गं?"

भाऊ उंबऱ्यावर बसले होते. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ते इतकं हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"परक्याचं कुठं हाय ते," ते म्हणाले. "आपल्याच माळ्यावरचं हाय."

वहिनींनी परात पुढे केली.

पुढच्या मे महिन्यात ललित नूतनीकरणाला आला. आता भाऊंची सायकल मारुतीआधी मागच्या नाल्याकडे जायची. ललितनं पेन काढलं. "मामा, मागच्या वर्षीसारखंच ना? गाळा, चक्की, मोटर?"

"आणि डबे!" हे मात्र नेहमीच्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"पण ते तर लोकांचे आहेत ना, मामा?" ललितनं डोळा मारत विचारलं.

"लोकांचेच हायेत," भाऊ म्हणाले. "म्हणून तर म्हणतो. आधी ते लिही."