जीभ सरकारी नाय

आधी करंगळी पाण्यात, मग जिभेवर, मग बांधापलीकडे थुंकी. पाणी मीठ धरायच्या बेताला आलं की नाही, हे मिठागरात राबणारे काका असं ठरवायचे. पेणच्या खाडीकाठची मिठागरं तुम्ही एसटीतून पाहिली असतील. शेजारच्या आगरातला माणूससुद्धा काकांना विचारल्याशिवाय पाणी फिरवायचा नाही. कुणी शंका घेतली की ते म्हणायचे, "माझी जीभ सरकारी नाय. खोटं बोलत नाय."

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही कॉलेजातली चार-पाच पोरं प्रदूषणावर पत्रकं काढायचो. रोह्याकडच्या एका रसायन कंपनीचा टँकर भर दुपारी, ओहोटी लागली की खाडीत काहीतरी सोडतो, हे आम्हाला काकांनी सांगितलं. आधी त्यांच्या जिभेला कळलं, मग त्यांनी पाळत ठेवून डोळ्यांनी पाहिलं.

"कडू नाय, आंबट नाय. जीभ झोपते," ते म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. "काका, यापुढे चाखू नका!"

"मग मीठ काय तुझ्या पत्रकावर पिकवू?"

मी सोड्याच्या बाटलीत पाणी भरून आम्हाला मदत करणाऱ्या वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी बाटली परत केली. नमुना प्रदूषण खात्याच्या अधिकाऱ्यानेच घ्यायचा, कंपनीला नोटीस देऊन, सीलबंद. नोटीस मिळाल्यावर कोणता टँकर येतो, सांगा! असा आपला कायदा. म्हणजे उरला डोळ्यांनी पाहिलेला माणूस. प्रतिज्ञापत्र काकांनीच द्यायला हवं होतं.

ते घाबरले, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. आगर दुसऱ्याचं. मालक ऊठ म्हणाला की उठायचं.

"येतो मी. पन सही होईपर्यंत माझं नाव कुठं येता नये."

"आनि मंग आलं तर?" काकी आतून म्हणाली.

"गप गो," काका म्हणाले.

नाव मी छापलं नाही. छापलं ते वाक्य. पत्रकाला मथळा हवा होता, आणि इतका झणझणीत मथळा मला जन्मात सुचला नसता: 'माझी जीभ सरकारी नाय!' वडखळ नाक्यावर मी स्वतः गठ्ठा वाटला, छाती काढून. ते वाक्य कुणाचं, हे खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला एकट्याला ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आगरावर गेलो तर बांधावर मोटारसायकल लावून दोघं बसलेले. शिवी नाही, धमकी नाही. काकांनी करंगळी पाण्यात घातली तसं त्यांतला एक अगदी मायेनं म्हणाला, "काय काका, जीभ कशी हाय?"

करंगळी पाण्यातच राहिली.

मी घोषणा देणारा माणूस. मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिलो. ते दोघं निघून गेल्यावर काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा कागद वाचून घेतला रं. चांगलं लिवतोस." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी सही होती. पेणच्या कोर्टाच्या आवारात मी सकाळपासून उभा. मोटारसायकलचा आवाज आला की भिंतीकडे सरकायचो. वकीलबाई दोनदा बाहेर येऊन नुसतं बघून गेल्या. दुपार झाली तेव्हा मी आगराकडे धावलो.

झोपडीला बाहेरून कडी. शेजारच्या आगरात तोच माणूस काम करत होता, काकांना विचारून पाणी फिरवणारा.

"काका कुठे गेले?"

त्यानं मान वर केली नाही. "कोन काका?"

काकांच्या आगरात पिकलेलं मीठ अर्धंच ओढलेलं होतं. ओढायची लांब फळी त्यातच पडलेली. पिकलेलं मीठ कुणी असं सोडत नाही. मी बांधावर वाकलो, करंगळी पाण्यात बुडवली आणि जिभेवर ठेवली.

खारट लागलं. मला तेवढंच कळलं.