तीन फोटोंची एक केबिन

आमचे हे यॉटच्या आतले फोटो काढतात. विकायला काढलेल्या यॉटचे. पलंग, ओटा, जिना आणि खिडकीतून दिसणारं पाणी. फ्लॅश नाही, दिवा नाही, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. घरी मात्र हेच गृहस्थ भरदुपारी ट्यूबलाइट लावून पेपर वाचतात.

काम चिकाटीचं. कॅमेरा स्टँडवर पक्का बसवायचा आणि एकाच जागेचे तीन फोटो घ्यायचे. एक खिडकीपुरता, सकाळी, नाहीतर बाहेरचं सगळं पांढरंफटक येतं. एक खोलीसाठी. एक अंधाऱ्या कोपऱ्यांसाठी, दुपारी ऊन फिरल्यावर. मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकावर एक ठेवून प्रत्येकातलं चांगलं तेवढं उचलून एकच फोटो जोडायचा. कोणी नुसतं वळलं तरी यॉट हलते, म्हणून हे आधी सगळ्यांना खाली उतरवतात आणि मेन स्विच बंद करतात. फ्रिजची थरथरसुद्धा यांना खपत नाही.

ही कामं देणारे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या वन्संचे यजमान. यॉटची दलाली करतात. सोळा वर्षं आमची चूल त्यांच्या जिवावर पेटली हे मी कबूल करते. वन्सं दर भेटीत कबूल करूनच घेतात.

मागच्या वर्षी एक जुनी यॉट होती. एक निवृत्त जोडपं ती राहायलाच घेणार होतं. फोटो पसंत पडले की सही. संध्याकाळी हे कॉम्प्युटरसमोर बसले ते उठेचनात. ठेवलेला चहा गार झाला.

"काय झालं?"

"बाहेरचा धक्का जुळत नाही."

मी डोकावले. पलंग, कपाट, उशी, केसाइतकंही काही हललं नव्हतं. पण खिडकीबाहेरचा, यॉट बांधलेला धक्का सकाळच्यापेक्षा दुपारच्या फोटोत चार बोटं वर होता.

"भरती आली असेल."

"तो धक्का तरंगता आहे गं. भरतीला यॉट आणि धक्का बरोबरच चढतात." मग स्वतःशीच म्हणाले, "यॉट खाली गेलीये. निघताना स्विच लावला तेव्हा खाली काहीतरी घुरघुरायला लागलं. मला वाटलं, फ्रिज."

दाजींना फोन लावला, स्पीकरवर.

"अरे, तो पंप! आत आलेलं पाणी बाहेर फेकतो. तू स्विच बंद केलास, म्हणून साचलं."

"पण चार तासांत एवढं साचलं, दाजी. कुठेतरी सांधा गेलाय."

"बघतील ते नंतर. तू खिडकी सकाळच्या फोटोतलीच ठेव आणि पाठवून दे. तुझ्या हातचा मळ आहे."

खरंच हातचा मळ होता. दोन मिनिटांचं काम. मी मनातल्या मनात म्हटलं, करा ना एकदाचं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं होतं.

"त्याच पलंगावर ती माणसं झोपणार आहेत," हे म्हणाले. "एखाद्या दिवशी बॅटरी उतरून पंप थांबला तर?"

"तू फोटोवाला आहेस, फोटोवाल्यासारखा राहा."

यांनी जोडलेला फोटो पाठवलाच नाही. तिन्ही सुटे पाठवले, खाली वेळ लिहून. दाजींना आणि त्या जोडप्यालाही.

सौदा मोडला. तळाचा एक पाइप सुटलेला निघाला, पण ते ऐकायला दाजी थांबलेच नाहीत. त्यांनी बोलणं टाकलं, कामं बंद झाली. "तू तरी समजवायचंस," म्हणून वन्संनी मला फैलावर घेतलं. हे शाळांचे गटफोटो काढायला लागले. तिथे शंभर पोरं हलतात आणि शिक्षक डोळे मिटतात. घरी येऊन हे गप्प जेवायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

परवा, वर्ष उलटल्यावर, दाजींचा फोन आला. मीच उचलला. कशी आहेस वगैरे काही नाही. "त्याला दे."

मी स्पीकर लावूनच दिला.

"आमची लेक आणि जावई यॉट घेतायत," दाजी म्हणाले. "राहायला."

"बरं. फोटो काढायचेत?"



"काढ. मेन स्विच बंद ठेवूनच काढ. आणि जोडू नकोस, मला तिन्ही सुटे पाठव."