चावलेली चप्पल

आमच्या पिल्लाला मी फसवलं आणि मला शेजाऱ्यांनी. ‘हाणल्याशिवाय कुत्रं सुधारत नाही,’ असं ते सांगायचे.

नव्वदच्या सुमाराला विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर एक म्हातारा चांभार बसायचा. पिल्लाने कुरतडलेली तिसरी चप्पल घेऊन मी गेलो आणि आधी मजुरीवरून हुज्जत घातली. तो ऐकतच नव्हता. दातांच्या खुणांवरून सावकाश अंगठा फिरवत होता.

“चार-पाच महिन्यांचं असेल. दुधाचे दात पडतायत, हिरड्या शिवशिवतात. चघळायला काय देता?”

“जुनी चप्पल.”

“आणि नवी चावली की मारता?”

“मग काय ओवाळू?”

तो दाताने दोरा तोडून हसला. “शेठ, जुनी कुठली, नवी कुठली, त्याला काय ठाऊक? चप्पल तुम्हीच तोंडात दिलीत. ओल्या फडक्याला गाठ मारून ते द्या. चपला फळीवर ठेवा.”

महिन्याभरात चावणं थांबलं. पण मी चप्पल उचलली की ते कुत्रं मरेपर्यंत पलंगाखाली शिरत राहिलं.

माझी चूक मी कबूल केली. सल्ला देणारे अजून आमच्याच गल्लीत राहतात. त्या माराचा जाब आता त्यांनीही द्यावा.