नव्याण्णव कपांचा इलाखा

निजामाचं राज्य बुडाल्याला जमाना झाला, पण जवळा बाजारात एक जहागीरदार अजून शिल्लक आहे आणि तो माझा साडू आहे. जहागीर म्हणजे एका चहा कंपनीची फ्रँचायझी. पाटी कंपनीची, मसाला कंपनीचा, कपसुद्धा कंपनीचे. साडूचं स्वतःचं म्हणाल तर दूध, गॅस आणि घाम. पण करारात ‘जवळा बाजार व परिसर’ त्याच्या एकट्याच्या नावे लिहिलाय, तेवढ्यावर गडी बेहद्द खूश. दुकानात देवाच्या फोटोशेजारी इलाख्याचा नकाशा टांगलेला, उदबत्ती दोघांत मिळून एक. मला औंढ्याहून मोटारसायकलवर आणताना तो शिवेवर हटकून थांबणार. “साडू, हितून म्होरं आपला इलाखा बरं का!” त्या इलाख्यात कुणी घरी चहा करून प्यायलं तरी त्याला ते अतिक्रमण वाटतं. कंपनीच्या ठरलेल्या मसाल्यात आलं नाही, म्हणून माझी मेव्हणी स्वतःच्या स्वयंपाकघरात चोरून आलं किसते.

करारातली सगळी कलमं त्याला पाठ, एक सोडून. रोज शंभर किंवा जास्त कप घेणारा तो ‘मोठा ग्राहक’, आणि मोठा ग्राहक कुणाच्याही इलाख्यात असो, तो कंपनीचा. म्हणजे वासरू आपण सांभाळायचं आणि दुभतं झालं की दावं कंपनीच्या हाती. हे कळलं तेव्हा गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्याचा चहा ऐंशी कपांवर गेला होता. दहा कपांपासून वाढवलेलं गिऱ्हाईक. दुकान त्याच्यावरच उभं होतं. त्या दिवसापासून साडू गिऱ्हाईक वाढू नये म्हणून झटणारा जगातला पहिला दुकानदार झाला. कापसाच्या गाड्यांची रांग दिसली की हा धावत जिनिंगवर. चहानं पित्त होतं, असं हमालांना स्वतःच सांगायचा. नव्याण्णव कप झाले की किटलीला झाकण. एकदा जिनिंगचे मॅनेजर म्हणाले, “अहो, पाव्हणा आलाय, एक कप वाढवा की!”

“तुमच्यातला अर्धा द्या त्याला. आमची तकलीफ समजून घ्या, साहेब.”

यंदा जिनिंगला दुसरी पाळी लागली आणि मॅनेजरांना साडूचा उमाळा आला. त्यांनी परस्पर कंपनीला फोन केला, “तुमचा माणूस लाखात एक. आता दोनशे कप लागतील, त्याला सांभाळून घ्या.” कंपनीनं सांभाळून घेतलं. आठवड्यात जिनिंगमध्ये कंपनीचं, बटण दाबून चहा घ्यायचं मशीन बसलं आणि साडूला ‘मोठा ग्राहक घडवल्याबद्दल’ प्रमाणपत्र आलं. तेही त्यानं नकाशाशेजारी लावलं. उदबत्ती आता तिघांत एक.

त्याच संध्याकाळी मी दुकानात होतो. किटली पालथी. तेवढ्यात जिनिंगचा म्हातारा वॉचमन चालत आला.

“काहून आलात, काका? तिथं मशीन हाय की.”

“हाय. पण ते ‘बसा’ म्हनत न्हाई.” मग दबकत म्हणाला, “मी एकटाच हाय बापा, मोठा ग्राहक न्हाई. चालंल न्हवं कंपनीला?”

साडू उठून घरात गेला, आल्याचा तुकडा घेऊन आला आणि कंपनीच्या पाटीखाली उभा राहून सगळाच्या सगळा किसला. इतका चांगला चहा मी त्याच्या हातचा कधी प्यालो नव्हतो.

हल्ली औंढ्याहून येताना तो शिवेवर गाडी थांबवत नाही. मी इतकी वर्षं ज्या थांबण्याची चेष्टा केली, त्याचीच मला चुटपुट लागते. परवा न राहवून मीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “थांबवा की जरा. तुमचा इलाखा आला.”